उरलेल्या कापडाची गोधडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात या सदरात तुकड्यांच्या गोधडीविषयी थोडे लिहिले होते आणि शंका असल्यास कळवाव्यात, अशी विनंती केली होती. आलेल्या पत्रांपैकी काही शिवणकामाविषयी आहेत, तर काही शिवून झालेल्या वस्तू आपल्या वस्तीच्या, शेजारपाजारच्या उपयोगी कशा पडतील, याविषयी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील सात येथे घेतले आहेत.

प्रश्न : बारा वर्षांच्या शिवणकामातून उरलेल्या कापडाची तीन पोती माझ्याकडे साठली आहेत. सुती, रेशमी, टेरिकॉट, टी-शर्टचे ताणले जाणारे कापड असे सगळे त्यांत एकत्र आहे. गोधडी करण्याची फार इच्छा आहे. परंतु पोते उघडले की ते पुन्हा बांधून ठेवावेसे वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पोते उघडल्यावर रंगाकडे पाहण्याचा मोह होतो, तो तूर्त आवरावा. पहिली वाटणी कापडाच्या जातीची करावी लागते. सुती कापड धुतल्यावर आटते, टेरिकॉटसारखे पॉलिस्टरमिश्रित कापड फारसे आटत नाही. ही दोन्ही एका गोधडीत शेजारी बसवली, तर पहिल्याच धुण्यात सुती तुकडा आखडतो, दुसरा तसाच राहतो आणि त्या शिवणीवर कायमच्या चुण्या पडतात. एखाद्या तुकड्याची जात ओळखू येत नसेल, तर त्याचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि धातूच्या ताटलीवर जाळून पाहावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पहिल्या गोधडीसाठी केवळ सुती तुकडे निवडावेत, हे उत्तम. टी-शर्टचे कापड वापरायचेच असेल, तर त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावावे, म्हणजे ते शिवताना ताणले जाणार नाही.

दुसरी पायरी धुण्याची. गडद लाल, निळ्या आणि काळ्या कापडांचा रंग निघतो की नाही, हे आधीच पाहावे. ओला तुकडा पांढऱ्या कापडात दाबून ठेवला आणि डाग उमटला, तर तो पुन्हा पुन्हा धुवावा, आणि तरीही रंग निघत राहिला तर बिनदिक्कत बाजूला काढावा. एका लाल तुकड्याने अख्खी फिकी गोधडी गुलाबी करून ठेवल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, म्हणून हे जरा जोर देऊन लिहीत आहे.

त्यानंतर मापे ठरवावीत, आणि ती दोनच ठेवावीत. मोठ्या तुकड्यांतून साडेचार इंचांचे चौकोन कापावेत आणि लहानांतून अडीच इंचांचे. सगळीकडे शिवणीसाठी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारे जादा कापड, धरली, तर अडीच इंची चार चौकोन जोडून जो मोठा चौकोन होतो, तो बरोबर साडेचार इंचांचा भरतो. त्यामुळे लहानमोठे तुकडे एकमेकांशेजारी कोठेही बसतात आणि आधीपासून नक्षी ठरवून ठेवावी लागत नाही. शिवून झाल्यावर असा प्रत्येक चौकोन चार इंचांचा दिसतो. साठ इंच रुंद आणि चौऱ्याऐंशी इंच लांब गोधडी हवी असेल, तर आडवे १५ आणि उभे २१, म्हणजे एकंदर ३१५ चौकोन लागतील. हा आकडा पाहून घाबरू नये. रोज दहा चौकोन कापले, तरी साधारण महिन्याभरात ते पुरे होतात.

रंगांचा विचार आता करावा, आणि तोही रंगापेक्षा फिका-गडद या अंगाने. डोळे किलकिले करून तुकड्यांच्या ढिगाकडे पाहावे किंवा फोनवर त्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. हिरवा आणि लाल असे वेगळे वाटणारे दोन तुकडे त्या छायाचित्रात पुष्कळदा एकाच करड्या छटेचे दिसतात, आणि शेजारी लावले की एकमेकांत मिसळून जातात. फिके आणि गडद आलटून पालटून मांडले, तर अगदी विजोड कापडांतूनही नक्षी उठून दिसते.

प्रश्न : माझ्या गोधडीच्या कडा लाटांसारख्या वरखाली होतात. इस्त्री करूनही त्या बसत नाहीत. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा दोन गोष्टी चुकत आहेत. तिरपे, म्हणजे उरेब कापलेले तुकडे कडेला आले असतील, तर ती कड हाताळतानाच ताणली जाते. म्हणून कडेला येणाऱ्या तुकड्यांची बाहेरची बाजू नेहमी कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर ठेवावी. दुसरे म्हणजे, कडेची पट्टी कापताना आपण कडेचेच माप घेत असाल. कड आधीच सैल झालेली असते, त्यामुळे पट्टीही तेवढीच लांब होते. माप गोधडीच्या मध्यावरून घ्यावे, त्या मापाची पट्टी कापावी आणि कडेचा जादा भाग टाचण्या लावून त्यात सामावून घ्यावा. इस्त्री मात्र घासत फिरवू नये. उचलावी आणि पुन्हा ठेवावी.

प्रश्न : मी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवते. घरातील ज्येष्ठांना ते आवडत नाही. चिंध्या जोडणे हे हलाखीचे लक्षण आहे, पैसे असताना कशाला, असे ते म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांचे म्हणणे इतिहासाच्या दृष्टीने खोटे नाही, हे आधी मान्य करावे. तुकड्यांची गोधडी जगात पुष्कळ ठिकाणी टंचाईतून जन्मली आहे. उत्तर जपानमधील थंड प्रदेशात कापूस पिकत नसे आणि सुती कापड दुर्मीळ होते. तेथील शेतकरी आणि कोळी कुटुंबे निळीत रंगवलेल्या कापडाची ठिगळे एकावर एक धावदोऱ्याने शिवत, आणि ती वस्त्रे एका पिढीकडून दुसरीकडे जात. त्यांना 'बोरो' म्हणतात. बंगालमधील कांथा जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून करत, आणि भरतकामाचा दोराही पुष्कळदा त्याच साड्यांच्या काठांतून उसवून काढलेला असे.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया शेतात वापरून झिजलेल्या डेनिमच्या विजारींपासून घरात ऊब राहावी म्हणून गोधड्या शिवत. गुडघ्यावर विटलेला आणि खिशाखाली गडद राहिलेला भाग त्यांत तसाच दिसतो. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. पुढे १९७२ मध्ये एका मोठ्या विक्रेत्या कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम संस्थेला मिळाले, तेव्हा उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांच्याही गोधड्या केल्या. त्या वस्तीतील गोधड्या २००२ मध्ये प्रथम ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांतील दहा गोधड्यांची तिकिटे काढली.

ज्येष्ठांना हे सांगून पटेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मात्र वाद घालण्यापेक्षा त्यांचाच एखादा जुना, मऊ झालेला सदरा किंवा लुगडे मागून घ्यावे आणि त्याचा तुकडा गोधडीच्या मधोमध लावावा. हलाखीविषयी तक्रार करणारी मंडळी आपला सदरा गोधडीत ओळखू आला की ती गोधडी दुसऱ्याला देऊ देत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीतील चौदा जणींनी मिळून एक मोठी गोधडी करायचे ठरवले. प्रत्येकीने बारा इंचांचा एक चौकोन आणायचा होता. आले ते चौकोन अकरा इंचांपासून तेरा इंचांपर्यंत होते, काही तर चौकोनही नव्हते. आता कोणाचाही चौकोन न नाकारता ही गोधडी पुरी कशी करावी?

उत्तर : आपल्याकडे आलेली अडचण प्रत्येक सामुदायिक गोधडीत येते, तेव्हा कोणी वाईट वाटून घेऊ नये. प्रत्येकीच्या हाताचा दाब, मायेचा अंदाज आणि मोजपट्टी निराळी असते. एका चौकोनात दहा शिवणी असतील आणि प्रत्येक शिवणीत अर्ध्या सुताएवढा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाएवढा, फरक पडला, तर शेवटी अर्धा-पाऊण इंच सहज कमीजास्त होतो.

आता उपाय असा. प्रत्येक चौकोनाभोवती एकाच रंगाच्या साध्या कापडाच्या तीन इंची पट्ट्या शिवून घ्याव्यात, म्हणजे त्याला चौकट बसेल. मग पुठ्ठ्याचा पंधरा इंचांचा एक साचा करावा आणि सगळ्या चौकटी त्याच साच्याने छाटाव्यात. लहान चौकोनाची चौकट रुंद राहील आणि मोठ्याची अरुंद, पण बाहेरचे माप सर्वांचे सारखे होईल. वाकड्या चौकोनाची चौकट जरा तिरकी दिसते; ते मला तर आवडते. चौदा चौकोन आयतात नीट बसत नाहीत, तेव्हा आणखी दोन करावेत. एकावर वर्ष आणि सर्वांची नावे भरतकामाने घालावीत, आणि दुसरा ज्यांना शिवता येत नाही अशा शेजाऱ्यांसाठी ठेवावा. त्यांनी कापडावर पक्क्या शाईने चित्र काढले किंवा अक्षरे लिहिली तरी चालेल. चार गुणिले चार अशी ही गोधडी साधारण पाच फूट चौरस होईल.

पुढच्या वेळी मात्र प्रत्येकीला साडेबारा इंचांचा जुन्या चादरीचा तुकडा आधीच कापून द्यावा आणि त्यावरच पट्ट्या शिवायला सांगाव्यात. मधोमध एक पट्टी तिरपी ठेवायची, दुसरी तिच्यावर उलटी ठेवून टीप मारायची, उलगडून दाबायची, आणि असे करत दोन्ही कोपऱ्यांपर्यंत जायचे. शेवटी खालच्या तुकड्याबरोबर कडा छाटायच्या. खालचे कापड माप धरून ठेवते, म्हणून हे काम अगदी नवख्या हातांनाही जमते, आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्यासुद्धा त्यात कामी येतात.

माप आधी पक्के करण्याचे महत्त्व ज्या एका गोधडीवरून लक्षात येते, तिचा उल्लेख येथे करावासा वाटतो. एड्सने दगावलेल्या माणसांच्या स्मरणार्थ अमेरिकेत जी गोधडी सुरू झाली, तिच्यात प्रत्येक व्यक्तीसाठी तीन फूट बाय सहा फुटांचा एक तुकडा असतो, आणि असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा चौरस होतो. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम मांडली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते; आज ते सुमारे पन्नास हजार झाले आहेत. आत काय लावावे, यावर बंधन जवळपास नाही. कोणी सदरे लावले, कोणी पत्रे, कोणी खेळण्यातली अस्वले. बाहेरचे माप मात्र सर्वांना एकच आहे, आणि म्हणूनच एकमेकांना कधीही न भेटलेल्या हजारो लोकांचे काम एकत्र जोडता आले.

प्रश्न : आमच्या गटाने रुग्णालयातील मुलांसाठी वीस लहान गोधड्या शिवल्या. त्या स्वीकारल्या गेल्या, आभारही मानले गेले. पण काही महिन्यांनी समजले, की त्या कपाटातच पडून आहेत. आमचा उत्साह मावळला आहे. आम्ही कोठे कमी पडलो?

उत्तर : शिवण्यात आपण कमी पडला नसाल, विचारण्यात पडला असाल, असे पत्रावरून वाटते. मला हे लिहिताना संकोच होत नाही, कारण अगदी हेच माझ्या हातून घडले आहे. एका वृद्धाश्रमासाठी आम्ही जाड कापसाच्या, भरगच्च भरतकामाच्या दहा गोधड्या केल्या होत्या. तेथील धुलाईयंत्रात ओल्या झाल्या की त्या इतक्या जड होत, की कर्मचाऱ्यांना त्या उचलणे आणि वाळवणे अशक्य झाले. शिवाय वृद्धांच्या अंगावर त्यांचे ओझे होई. दोन वर्षांनी आम्हाला ते कोणीतरी संकोचत सांगितले. त्या मधल्या काळात आम्ही आणखी सहा गोधड्या पाठवल्या होत्या.

म्हणून सुई हातात घेण्याआधी तेथे जावे, आणि व्यवस्थापकांपेक्षाही रोज पांघरुणे बदलणाऱ्या व धुणाऱ्या माणसांशी बोलावे. खाटेचे माप काय, कपडे किती गरम पाण्यात धुतले जातात, वाळवण्याची सोय कशी आहे, बटणे आणि टिकल्या चालतात का, वस्तू मुलाबरोबर घरी जाणार की तेथेच राहणार, एवढे प्रश्न तरी विचारावेत. वस्तू तेथेच राहणार असेल, तर ती वारंवार आणि कडक पाण्यात धुतली जाईल, हे गृहीत धरून सुती कापड, पातळ भरण आणि जवळजवळचे टाके वापरावेत. दोन टाक्यांच्या ओळींत चार बोटांपेक्षा अधिक अंतर राहिले, तर आतला कापूस धुताना सरकतो आणि त्याचे गोळे होतात. देण्यापूर्वी सुवास नसलेल्या साबणाने ती धुवावी. सुगंधी द्रव्यांचा काही रुग्णांना त्रास होतो. ज्या घरात कोणी धूम्रपान करते, तेथे या गोधड्या ठेवूही नयेत.

अगदी तान्ह्या बाळांसाठी गोधड्या द्यायच्या असतील, तर एक गोष्ट विसरू नये. एक वर्षापेक्षा लहान बाळ झोपलेले असताना त्याच्याभोवती सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, कारण ती तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्या गोधड्या कपाटात राहण्याचे कारण कदाचित हेच असेल. तसे असेल, तर त्या परत मागून घेण्यात काही गैर नाही. बाळ जागे असताना जमिनीवर खेळवण्यासाठी अंथरूण म्हणून त्या उपयोगी पडतील, किंवा चार-पाच वर्षांच्या मुलांना देता येतील. मोठ्या मुलांना स्वतः निवडू द्यावे. विमानांचे कापड हवे की फुलांचे, हे मूल क्षणात सांगते, आणि निवडलेली गोधडी कपाटात जात नाही.

प्रश्न : आमच्या भागातील भुयारी मार्ग आणि त्याच्या आसपासचा रस्ता फार उदास दिसतो. झाडांना विणकाम गुंडाळावे आणि कापडी पताका लावाव्यात, असा विचार आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : सार्वजनिक जागी विणकाम लावण्याची ही पद्धत आता जगभर पोहोचली आहे. तिची सुरुवात बहुधा २००५ मध्ये ह्यूस्टनला झाली, असे मानतात. तेथे मॅग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेले आवरण घातले, आणि येणारेजाणारे थांबून ते पाहू लागले. पहिले काम इतके लहान होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आपणही जिन्याच्या कठड्याचा हात-दीड हात भाग किंवा एक बाक निवडावा आणि लोक त्याच्याशी कसे वागतात, ते पाहावे.

परवानगी ज्यांच्याकडून घ्यायची, त्यांच्याकडून ती आधी लेखी घ्यावी. झाडांना गुंडाळण्याच्या मी विरोधात आहे. ओले राहिलेले विणकाम सालीला घट्ट चिकटून राहते, खोड वाढते तसे ते आवळत जाते, आणि अॅक्रिलिक दोऱ्याचे तंतू उन्हापावसाने तुटून मातीत पडतात. ते कुजत नाहीत. तेवढेच काम खांबावर किंवा कुंपणाच्या जाळीवर चांगले दिसते. मात्र वाहतुकीच्या खुणा, दिव्यांची बटणे आणि अंध व्यक्ती हाताने चाचपून ओळखतात अशा जागा झाकल्या जाऊ नयेत.

पहिल्या प्रश्नातल्यासारखे टेरिकॉट आपल्याकडे साठले असेल, तर पताकांसाठी ते आता बाहेर काढावे. गोधडीत जे नकोसे असते, ते पावसात लवकर सुकते आणि सुती कापडापेक्षा उन्हाला अधिक काळ टिकते. त्रिकोण दुहेरी शिवावेत, म्हणजे वाऱ्याने कडा उसवणार नाहीत, आणि ते नाडीऐवजी रुंद पट्टीत अडकवावेत. सर्वांत आवश्यक म्हणजे काढून घेण्याची तारीख लावतानाच ठरवावी आणि त्या दिवसाची जबाबदारी दोघांच्या नावावर लिहावी. विटलेल्या, लोंबकळणाऱ्या पताका असलेली जागा पूर्वीपेक्षाही उदास दिसते. भुयारी मार्गात कायमचे काही लावायचे असेल, तर कापडाचा हट्ट सोडावा आणि गोधडीची नक्षी फरशीच्या तुकड्यांत किंवा रंगांत उतरवावी. ओलसर भिंतीवर कापडाला बुरशी धरतेच.

प्रश्न : सगळे कापून झाल्यावर एक इंचाहूनही लहान तुकडे आणि दोरे उरतात. ते टाकवत नाहीत. त्यांचे काय करावे?

उत्तर : एक जुना उशीचा अभ्रा शिवणयंत्राशेजारी टांगून ठेवावा आणि उरलेले तुकडे त्यात टाकत जावे, टाचण्या आणि तुटलेल्या सुया मात्र चुकूनही त्यात जाऊ देऊ नयेत. अभ्रा ठासून भरला की त्याचे तोंड शिवावे आणि त्यावर जाड कापडाचे, धुता येईल असे दुसरे आवरण चढवावे. जमिनीवर बसण्यासाठी अशी टणक उशी चांगली होते. भटक्या प्राण्यांना आसरा देणाऱ्या काही संस्थाही कुत्र्यांच्या बिछान्यांसाठी अशा उशा आनंदाने घेतात. मात्र लांब दोरे आत भरायचे असतील, तर ते आधी बारीक कापावेत. कुत्र्याने उशी फाडली, तर लांब दोरा त्याच्या पोटात जाऊन आतड्यात अडकू शकतो. आणि किती उशा हव्यात, हे तेथेही आधी विचारावे.